इंटरनेटवरील साधने आणि पुराव्याचा प्रश्न

एम. ए. च्या प्रबंधिकांची तोंडी परीक्षा चालू होती. माझ्या एका विद्यार्थिनीने बाबासाहेबांच्या शिक्षणविषयक विचारांवर प्रबंधिका लिहिली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका तळटिपेवर बोट ठेवले आणि विचारले, "हे पान कुठले?" तिने तळटीप वाचून दाखवली. खंडाचा क्रमांक होता, पानाचा क्रमांकही होता. परीक्षकांनी शिपायाला ग्रंथालयात पाठवून तो खंड मागवला. त्या पानावर भलताच मजकूर होता. दुसरी तळटीप काढली, तिचीही तीच गत. तिसऱ्या तळटिपेतला ग्रंथ कोणत्याही ग्रंथसूचीत नव्हता, कारण तो कोणी लिहिलेलाच नव्हता. परीक्षकांनी खंड मिटला आणि म्हणाले, "तुमच्याकडे भावना फार असते. पुरावा नसतो."

हे 'तुमच्याकडे' कुणाकडे, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळले.

नंतर जिन्यात ती म्हणाली, "सर, मी मोबाइलवर विचारलं होतं. त्यानं पान नंबरसुद्धा दिला होता." विचारलेल्या प्रश्नाला माणसासारखे उत्तर देणारी जी नवी यंत्रे २०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आली आहेत, त्यांपैकी एकाला तिने विचारले होते. ही यंत्रे शब्दामागून संभवनीय शब्द जुळवीत जातात. तळटीप कशी दिसते हे त्यांना पक्के ठाऊक असते, म्हणून ती अगदी तळटिपेसारखी तळटीप तयार करतात. त्या पानावर खरोखर काय छापले आहे हे उघडून पाहण्याचे काम यंत्राने केलेले असेलच असे नाही. आणि आमच्या बाबतीत ते माणसानेही केलेले नव्हते. प्रबंधिकेवर मार्गदर्शक म्हणून माझी सही होती. मी तळटिपा वाचल्या होत्या, तपासल्या नव्हत्या.

परीक्षकांच्या शेऱ्यातली जात मला दिसली. तिच्याविषयी चार जळजळीत पाने लिहिणे मला अवघड नव्हते. पण तळटीप खोटी होती, हे त्यांच्या जातीमुळे खरे ठरले नव्हते. ह्या लेखात मला त्या तळटिपेविषयी बोलायचे आहे, कारण शेऱ्याविषयी आपण पुष्कळ बोललो आहोत.

२

इंटरनेटवरील साधनांची पारख कशी करावी हे संशोधनपद्धतीच्या तासाला आता शिकवले जाते. त्यासाठी कसोट्यांची एक यादी असते. मजकूर कधीचा आहे? लेखक कोण, त्याची पदवी कोणती, संस्था कोणती? संकेतस्थळ सरकारी, विद्यापीठीय की खाजगी? लिहिण्याचा हेतू काय? कॅलिफोर्नियातील चिको येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००४ साली अशी एक यादी तयार झाली आणि ती जगभर पसरली. आपल्याकडच्या बहुतेक याद्या तिच्या किंवा तिच्या भावंडांच्या नकला आहेत. प्रत्येक कसोटीला गुण द्यावेत, बेरीज करावी आणि साधन विश्वसनीय की अविश्वसनीय ते ठरवावे, अशी ही पद्धत.

ही पद्धत आपल्या साधनांना लावून पाहू. मुंबई इलाख्याच्या सरकारने १८८० च्या दशकात प्रसिद्ध केलेली जिल्हा गॅझेटिअर्स आज सरकारी संकेतस्थळांवर वाचायला मिळतात. त्यांत जातीजातींची वर्णने आहेत: अमुक जात अंगाने कशी, खाते काय, स्वभावाने प्रामाणिक की आळशी, नशा करते की नाही. हे वर्णन करणारे कोण, त्यांना माहिती पुरवणारे कारकून आणि गावकामगार कोणत्या जातींचे, ज्यांचे वर्णन केले त्यांना कुणी विचारले काय, हे प्रश्न यादीत नाहीत. यादीप्रमाणे गॅझेटिअर सरकारी, संपादित आणि संस्थेचा शिक्का असलेले. बहुतेक कसोट्यांवर पैकीच्या पैकी गुण. माझ्या वर्गातल्या मुलाने स्वतःच्या आजोबांच्या जातीचा 'स्वभाव' तेथून उतरवून आणला होता आणि खाली सरकारी संकेतस्थळाचा पत्ता दिला होता. त्याने कसोट्या चोख पाळल्या होत्या.

आता दुसरे साधन घेऊ. आंबेडकरी जलशात उभ्या राहिलेल्या एखाद्या शाहिराची हाताने लिहिलेली चोपडी त्याच्या नातवाने मोबाइलवर पाने टिपून कुठेतरी चढवली आहे. लेखकाला पदवी नाही, प्रकाशन संस्था नाही, सन नाही, संपादक नाही. हेतू तर उघडच प्रचाराचा आहे. सगळ्या कसोट्यांवर शून्य.

मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ चे पुस्तक आठवा. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या घरी जाऊन, त्यांच्या आठवणी ऐकून, जुन्या वृत्तपत्रांतल्या नोंदी धुंडाळून ते सिद्ध झाले. त्या स्त्रियांपैकी कितीजणींना यादीने 'अधिकारी लेखक' म्हटले असते? ज्या इतिहासाला संस्थांनी दारात उभे केले नाही, त्याने आता संस्थेचे शिफारसपत्र आणावे अशी ह्या कसोट्यांची मागणी आहे. प्रस्थापितांच्या ज्ञानव्यवहाराला ती सोयीची असेल. तिला तटस्थ मात्र म्हणता येणार नाही.

ही यादी तिच्या माहेरीही टिकलेली नाही, हे आपल्या संशोधनपद्धतीच्या प्राध्यापकांनी ध्यानात घ्यावे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा पीएच. डी. झालेले इतिहासकार, वृत्तपत्रांसाठी व तत्सम संस्थांसाठी तथ्ये तपासणारे दहाजण आणि पंचवीस पदवीचे विद्यार्थी यांना त्यांनी काही संकेतस्थळे पारखायला दिली. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्था होत्या. नावे जवळजवळ सारखी, दोन्ही पाने नीटनेटकी आणि भारदस्त. एक संस्था हजारो डॉक्टरांची, दुसरी त्यांच्यापासून फुटून निघालेल्या एका छोट्या गटाची. पुष्कळ विद्यार्थी आणि काही इतिहासकारही पानावरच रेंगाळले. बोधचिन्ह, नाव, मांडणी, संदर्भयादी पाहत राहिले आणि फसले. तथ्ये तपासणारे मात्र त्या पानावर थांबलेच नाहीत. ते लगेच बाहेर पडले आणि ह्या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते पाहून आले. पान स्वतःविषयी जे सांगते ते पानाला विचारून पडताळता येत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. आपल्या गावाला ती नवीन वाटू नये. सावकाराचा हिशेब सावकाराच्या वहीवरून तपासला तर काय होते, हे आपल्या आजोबांना पीएच. डी. न करताही ठाऊक होते.

३

पण पानाबाहेर पडून जायचे कुठे? येथे आपला प्रश्न स्टॅनफर्डच्या प्रश्नाहून वेगळा होतो. आणि येथेच मला आपल्या स्वतःच्या घराविषयी बोलले पाहिजे.

दर वर्षी एप्रिल लागला की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो: संयुक्त राष्ट्रसंघाने १४ एप्रिल हा 'जागतिक ज्ञान दिवस' म्हणून घोषित केला आहे. शंभर संकेतस्थळांवर तो आहे. विद्यार्थी पानाबाहेर पडला तरी दुसऱ्या पानावर त्याला तोच मजकूर भेटतो, तिसऱ्यावरही तोच. आणि त्याची खात्री पटते. प्रत्यक्षात संयुक्त राष्ट्रसंघ जे दिवस पाळतो त्यांची यादी त्याच्या संकेतस्थळावर उघडी आहे, आणि तीत ह्या नावाचा दिवस नाही. २०१६ साली बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात कार्यक्रम झाला, हे खरे. महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल 'ज्ञान दिवस' म्हणून पाळण्याचे ठरवले, हेही खरे. दोन खऱ्या गोष्टी एकत्र वितळून तिसरी खोटी गोष्ट झाली. कोलंबिया विद्यापीठाने आपल्या २५० व्या वर्षानिमित्त २००४ साली काळाच्या पुढे असलेल्या आपल्या नामवंतांची निवड प्रसिद्ध केली आणि तीत बाबासाहेबांचे नाव घेतले, तेही खरे. त्यावरून 'जगातील पहिल्या क्रमांकाचे विद्वान' ही पदवी आपण कोलंबियाच्या तोंडी घातली.

असे का होते? ज्या समाजाला पाठ्यपुस्तकाने एका परिच्छेदात उरकले, ज्याच्या नेत्याला 'घटनेचे शिल्पकार' एवढ्या एका चौकटीत बसवून बाकीचा सगळा बाबासाहेब फळीवर ठेवून दिला, त्या समाजाला सन्मानाची भूक असते. ती भूक मी समजू शकतो. ती माझीही आहे. पण ह्या मजकुराची दिशा पाहा. बाबासाहेब मोठे आहेत, कारण न्यूयॉर्कने तसे म्हटले. म्हणजे शिफारसपत्र मागणारी ती यादी आपल्याही डोक्यात बसलेली आहे. फरक इतकाच की शिफारसपत्र मिळाले नाही तेव्हा आपण ते तयार केले.

भीमा कोरेगावच्या बाबतीत तर हे बोलणेही अवघड होऊन बसले आहे. १ जानेवारी २०१८ ला तेथे जे घडले त्यानंतर कोरेगावविषयी कोणतीही शंका काढणारा माणूस शत्रूच्या गोटातला समजला जातो. तरीही विद्यार्थ्यांसमोर मी बोलतो. पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापून काढले, असे वाक्य इंटरनेटवर ठिकठिकाणी आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीच्या तुकडीत साधारण आठशे माणसे होती. त्यांत मुंबईच्या नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या एका पलटणीचे सुमारे पाचशे पायदळ, शिवाय घोडदळ आणि मद्रासचे गोलंदाज. पलटणीत महार मोठ्या संख्येने होते, पण सगळी पलटण महारांची नव्हती. पेशव्याची फौज मोठी होती, पण गावात घुसून लढलेली तुकडी तिच्यातली थोडकी. आणि स्तंभ तर तेथे उभाच आहे. त्यावर पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांपैकी बावीस नावे 'नाक' ह्या शेवटावरून महारांची म्हणून ओळखली जातात. ज्यांची सावली पुण्याच्या रस्त्यावर विटाळ करीत होती त्यांची नावे पुण्यापासून काही कोसांवर दगडात कोरली गेली, आणि १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या दगडापाशी जाऊन उभे राहिले. हा इतिहास कुणाला कमी वाटतो? अठ्ठावीस हजारांचा आकडा कशासाठी हवा आहे? उद्या कुणी तो आकडा खोडून काढील, आणि आकड्याबरोबर ती बावीस नावेही खोडल्याचा आव आणील. असा आव आणणारे आजच तयार आहेत.

४

खोटे वाक्य त्या मानाने लवकर सापडते. खरे वाक्य खोट्या जागी ठेवले की ते पकडणे फार कठीण जाते.

फाळणीवरील बाबासाहेबांचा ग्रंथ प्रथम १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' ह्या नावाने आला. पुढे १९४५ साली तो वाढवून 'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया' ह्या नावाने निघाला. ग्रंथाची रचना वकिली आहे. पहिल्या भागात पाकिस्तानच्या बाजूने मुसलमानांचा दावा मांडलेला आहे. दुसऱ्या भागात पाकिस्तानविरुद्ध हिंदूंचा दावा. पाकिस्तान न झाल्यास पर्याय काय, ह्याची चर्चा त्यापुढे, आणि ग्रंथकाराचा निष्कर्ष त्याहूनही पुढे. म्हणजे पहिल्या दोन भागांतले वाक्य उचलताना ते ग्रंथकाराचे स्वतःचे की दुसऱ्या पक्षाचे म्हणणे त्याने ताकदीनिशी मांडलेले, हे आधी ठरवावे लागते. इंटरनेटवर मात्र ह्या ग्रंथातली सुटी वाक्ये निळ्या किंवा भगव्या चौकटीत, बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली फिरत असतात. वाक्य खरे असते, खंड आठवाच असतो, पानही बरोबर असते. माझ्या विद्यार्थिनीची तळटीप जिथे नापास झाली तिथे ही चौकट सहज पास होईल. तिला पकडण्यासाठी त्या पानाच्या आधीची वीस पाने वाचावी लागतात. आणि वीस पाने वाचायला लावणारी कसोटी कुठल्याच यादीत नाही.

२०१९ साली ३७० वे कलम निष्प्रभ करण्यात आले तेव्हा बाबासाहेबांनी शेख अब्दुल्लांना काय सुनावले, त्याचा एक उतारा फिरला. मंत्र्यापासून मास्तरापर्यंत सर्वांनी तो वाचला. बाबासाहेबांच्या संकलित लेखन-भाषणांत तो नाही; जनसंघाच्या एका नेत्याच्या सांगण्यावरून, घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी तो पुढे आलेला आहे. ऐकीव आठवण हेही एक साधन आहे, मी ते झिडकारीत नाही. वर जलशाच्या चोपडीची बाजू मी घेतलीच आहे. पण आठवणीला आठवण म्हणावे, भाषण म्हणू नये. आठवण सांगणारा कोण, त्याला ती सांगण्यात काय मिळते, हे तिच्या शेजारी लिहावे.

भाषांतराचा प्रश्न तर आपल्या मुलांच्या मानेवरच बसलेला आहे. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने जे खंड काढले ते बहुतांशी इंग्रजीत आहेत, कारण बाबासाहेबांनी मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. मराठी माध्यमातून आलेला, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेला मुलगा तो खंड उघडतो आणि अर्ध्या पानात मिटतो. मग तो मराठी शोधतो. इंटरनेटवर मराठी मिळते, पण त्याला भाषांतरकाराचे नाव नसते, मूळ पान नसते, कोणत्या आवृत्तीवरून केले ते नसते. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' च्याच तीन आवृत्त्या आहेत. १९३६ ची पहिली. १९३७ ची दुसरी, जिच्यात गांधींची टीका आणि तिला दिलेले उत्तर जोडलेले आहे. आणि १९४४ ची तिसरी. गांधींना दिलेले उत्तर १९३६ च्या नावावर खपवणारे निबंध मी दर वर्षी तपासतो. कोलंबिया विद्यापीठाच्या प्रा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी ह्या ग्रंथाची जी इंटरनेट आवृत्ती तयार केली तिच्यात परिच्छेदांना क्रमांक आहेत. तुम्ही क्रमांक सांगितला की मी तोच परिच्छेद उघडून तुमच्याशी भांडू शकतो. कोलंबियाचे नाव आहे म्हणून मी ती वर्गात वापरीत नाही. भांडता येते म्हणून वापरतो.

आपली सर्वांत प्रिय घोषणाच घ्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत तीन क्रियापदे सांगितली. पहिले शिकण्याचे, दुसरे चळवळ करण्याचे, तिसरे संघटित होण्याचे. मराठीत ती घोषणा झाली तेव्हा संघटन दुसरे झाले आणि संघर्ष तिसरा. हा नुसता शब्दांचा फेरफार म्हणून सोडून द्यावा काय? आधी चळवळ आणि चळवळीतून संघटना, की आधी संघटना आणि मग संघर्ष, ह्यावर चळवळीत डोकी फुटली आहेत. मराठी क्रम कुणी, केव्हा, कोणत्या कारणाने रूढ केला हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. पण इंटरनेटवर दोन्ही क्रम एकाच छायाचित्राखाली, एकाच आत्मविश्वासाने उभे असतात आणि विद्यार्थी त्यातला जो आधी दिसेल तो उचलतो. तीच तीन इंग्रजी क्रियापदे त्याच क्रमाने इंग्लंडमधल्या सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशनने १८८० च्या दशकात वापरली होती, हे सांगितले की काही कार्यकर्ते नाराज होतात. का व्हावे? जगातल्या श्रमिकांच्या चळवळीत आपल्या नेत्याचा कान होता, ही काय लाज वाटण्याची गोष्ट आहे?

५

मग साधन पारखायचे कसे? परक्या यादीकडे जाण्याआधी घरातले एक उदाहरण पाहावे.

९ मे १९१६. न्यूयॉर्कमधल्या एका परिसंवादात पंचवीस वर्षांचा विद्यार्थी भीमराव आंबेडकर जातिसंस्थेवर निबंध वाचतो. त्याच्यापुढे चार अधिकारी लेखकांच्या व्याख्या आहेत: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर. पहिला फ्रेंच पंडित, पुढचे दोघे ब्रिटिश राजवटीचे अधिकारी, चौथा अमेरिकेत शिकलेला ब्राह्मण. अधिकाराच्या कसोटीवर चौघेही उत्तीर्ण. 'ते कोण, आणि आपण कोण' ह्या कसोटीवर चौघांनाही फेटाळता आले असते. ह्या विद्यार्थ्याने दोन्ही केले नाही. त्याने प्रत्येकाची व्याख्या उलगडली, ती कुठवर चालते आणि कुठे अडते ते दाखवले. केतकरांना त्याने श्रेय दिले, कारण त्यांनी जातीकडे सुटी म्हणून न पाहता जातींच्या व्यवस्थेतला एक घटक म्हणून पाहिले. आणि लगेच पुढे दाखवून दिले की त्यांनी सांगितलेली दोन लक्षणे ही मुळात एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. साधनाची पारख म्हणतात ती ही. लेखकाचा शिक्का पाहून मान डोलावणे किंवा लेखकाची जात पाहून पान उलटणे, ह्या दोन्ही आळसाच्या जाती आहेत.

आणि तोच माणूस १९४८ साली 'द अनटचेबल्स' च्या प्रस्तावनेत काय करतो? पुराव्याची साखळी जिथे तुटते तिथे आपण अनुमानाने दुवा जोडला आहे, हे स्वतःच सांगतो. टीकाकाराने पकडण्याआधी, उघडपणे. अनुमान आणि पुरावा यांच्यामधली रेघ लेखकानेच आखून दाखवलेली आहे. त्या ग्रंथाचा निष्कर्ष कुणाला पटो न पटो, कोणती वीट भक्कम आणि कोणती जोडलेली हे वाचकाला कळते. माझ्या मते विश्वसनीयतेचा प्रश्न ह्या एका ठिकाणी येऊन थांबतो: सांगणाऱ्याने आपली विधाने तपासण्याची सोय मला ठेवली आहे की नाही? जलशाची चोपडी टिपणाऱ्या नातवाने मुखपृष्ठासकट सगळी पाने दिली असतील, चोपडी कुणाच्या पेटीत सापडली ते लिहिले असेल, तर त्याचे साधन पदव्यांची माळ लावलेल्या पण एकही पान न दाखवणाऱ्या संकेतस्थळापेक्षा शतपट चांगले.

श्रद्धा असलेल्या माणसाने हे करू नये, असा एक समज आपल्यात आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर निघाला, तेव्हा कोणता मजकूर कोणत्या सुत्तातून घेतला ह्याचे संदर्भ त्यात नव्हते. त्याचा हिंदी अनुवाद करणारे भदंत आनंद कौसल्यायन यांनी पालि ग्रंथ धुंडाळून मुळे शोधून काढली. त्यांना बाबासाहेबांवर संशय होता म्हणून? ज्याला वचन प्रिय असते तोच त्याच्या मुळापर्यंत जाण्याचे कष्ट घेतो.

नाहीतर काय होते ते कालाम सुत्ताचे झाले आहे. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, असे बजावणारे हे सुत्त. आणि इंटरनेटवर बुद्धाच्या नावाने खूप फिरणारे एक बनावट वचन नेमके ह्याच सुत्तातून बेतलेले आहे! त्या बनावट वचनात शेवटी सांगितले जाते की तुमच्या स्वतःच्या बुद्धीला पटेल तेवढेच खरे माना. मूळ सुत्तात नुसत्या तर्काला पटणे हेही अपुरे ठरवलेले आहे. आपल्या मताशी जुळते म्हणून एखादी गोष्ट स्वीकारणे तिथे ग्रंथप्रामाण्याच्याच रांगेत बसवले आहे, आणि कसोटी ठेवली आहे ती आचरणातून दिसणाऱ्या हिताहिताची, जाणत्यांच्या निर्वाळ्याची. बनावट वचन लोकांना आवडते, कारण ते त्यांना आहेत तिथेच राहू देते.

६

ह्या वर्षापासून मी वर्गात यादी वाटणे बंद केले. तिच्याऐवजी एक वाक्य देतो आणि त्याचे मूळ शोधून आणायला सांगतो. मुले विकिपीडियावर जातात, जाऊ देतो. पण लेखाच्या माथ्यावर 'इतिहास' आणि 'चर्चा' अशी जी कळ असते ती दाबायला लावतो. कुणी कोणते वाक्य कोणत्या दिवशी घातले, कुणी काढले, कशावरून भांडले, सगळे तिथे नोंदलेले असते. छापील ज्ञानकोशांनी आपले भांडण असे कधी उघड्यावर मांडले नाही. ते संपादकाच्या खोलीत झाले, आणि त्या खोलीत आपण नव्हतो. 'विकिपीडिया वापरू नका' असे फर्मान काढणाऱ्या सहकाऱ्यांना मी एवढेच म्हणतो की, वापरू नका म्हणण्यापेक्षा तळाच्या संदर्भापर्यंत उतरा म्हणा. कित्येकदा तळाचा संदर्भ एखाद्या वर्तमानपत्राचा निघतो आणि त्या वर्तमानपत्राने ते वाक्य विकिपीडियावरूनच उचललेले असते. असे वर्तुळ पहिल्यांदा सापडते तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

जुन्या ग्रंथांच्या प्रतिमा साठवणारी मोठी संकेतस्थळे आहेत. मराठीच्या बाबतीत त्यांच्या सूचीवर विसंबू नये. सन, लेखकाचे नाव, कधी शीर्षकसुद्धा सूचीत चुकीचे असते. ग्रंथाचे मुखपृष्ठ आणि त्यामागचे मुद्रणाचे पान पाहिल्याशिवाय सन लिहायचा नाही, एवढा दंडक मी घातला आहे.

पण दंडक घालणाऱ्याने आपल्या पायाखाली काय आहे तेही पाहावे. बाबासाहेबांचे इंग्रजी खंड आज केंद्र सरकारच्या संकेतस्थळांवरून विनामूल्य उतरवून घेता येतात, ही मोठीच सोय आहे. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' १९९० साली शासनाने पुनर्मुद्रित केले. 'जनता' च्या जुन्या अंकांसाठी मात्र विद्यार्थ्याला मुंबई-पुण्याची वारी करावी लागत आली आहे. इंग्रजी नियतकालिकांतला एक लेख विकत वाचायचा तर महिन्याच्या खानावळीइतके पैसे मोजावे लागतात. आमच्या ग्रंथालयाला पाच वाजता कुलूप लागते आणि कमावून शिकणारी मुले सहाला येतात. त्यांच्या हातात मोबाइल आहे आणि मोबाइलवर चौकटी आहेत. मूळ साधनापर्यंत पोचणे हा केवळ बौद्धिक शिस्तीचा प्रश्न नाही, तो भाड्याचा, वेळेचा आणि किल्लीचाही आहे. आणि 'तुमच्याकडे पुरावा नसतो' म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरात त्या किल्ल्या तीन पिढ्यांपासून आहेत.

त्या विद्यार्थिनीला सहा महिन्यांची मुदत मिळाली. तिने शनिवार-रविवार खंडांत घातले. सकाळी कामावर जाताना बसमध्ये मोबाइलवर खंडाची पाने वाचायची आणि पानाची प्रतिमा मला पाठवायची; मी रात्री पाहायचो. जुन्या तळटिपांपैकी निम्म्याहून अधिक गेल्या. त्यांच्या जागी ज्या आल्या त्यांच्यामुळे तिचा एक निष्कर्षही बदलला. बाबासाहेबांनी प्राथमिक शिक्षणाला सर्वांत अधिक महत्त्व दिले असे तिने आधी लिहिले होते. आता उच्च शिक्षण आणि त्यातून मिळणाऱ्या अधिकाराच्या जागा यांवर त्यांनी दिलेला भर तिला दिसू लागला आणि तिने ते प्रकरण नव्याने लिहिले.

एक वाक्य राहिले. शिक्षणाला वाघिणीच्या दुधाची उपमा देणारे ते वाक्य, जे आपल्या प्रत्येक वस्तीत भिंतीवर रंगवलेले आहे आणि जे वाचून तीसुद्धा शाळेत गेली. तिला ते खंडांत मिळाले नाही. एका सहकाऱ्याचे मत पडले की ते काढून टाकावे, उगाच परीक्षकाच्या हाती कोलीत कशाला. तिने ते काढले नाही. बाबासाहेबांच्या भाषणातला उतारा म्हणून मात्र दिले नाही; आपल्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीवरचे वाक्य म्हणून दिले, आणि तळटिपेत वस्तीचे नाव, भिंत रंगवणाऱ्याने सांगितलेले साल आणि स्वतः काढलेले छायाचित्र जोडले. पाहिलेल्या खंडांचे क्रमांक देऊन, त्यांत ते आढळले नाही, असेही खाली लिहिले. पुढच्या महिन्यात तिची तोंडी परीक्षा आहे.